कुळाच्या ई-पुस्तकातले दिवे

नाशिकच्या गंगापूर रोडला एका मिठाईच्या दुकानावर आमचं ऑफिस आहे. तिथे आम्ही चांगल्या पुस्तकांची वाट लावतो. पाटीवर अर्थात तसं लिहिलेलं नाही. पाटीवर ‘मल्टिमीडिया ई-बुक्स’ असं आहे आणि खाली पंख फुटलेलं एक पुस्तक काढलेलं आहे. लोक साधं छापलेलं पुस्तक घेऊन येतात. आम्ही ते स्कॅन करतो, त्यातला मजकूर काढतो, चुका निम्म्या तपासतो आणि मग त्यात गाणी, व्हिडिओ, हलणारी चित्रं कोंबतो. पान उलटलं की कागदाचा खोटा आवाज येतो. कागद नको म्हणून ई-पुस्तक करायचं आणि मग त्यात कागदाचाच आवाज भरायचा, हे काही मला पटत नाही, असं मी सरांना, म्हणजे आमच्या मालकांना, एकदा बोलून दाखवलं होतं. ते म्हणाले, ‘मॅडम, फील आला पाहिजे.’ सरांनी स्वतः शेवटचं पुस्तक कधी वाचलं, हे विचारायची सोय नाही.

निवृत्त साहेब लोक हे आमचं मुख्य गिऱ्हाईक. निवृत्त झाल्यावर साहेबाला कविता होतात. त्या त्याला स्वतःच्या आवाजात हव्या असतात, मागे बासरी हवी असते आणि प्रत्येक कवितेवर धबधबा हवा असतो. आम्ही ते सगळं करून ईपबमध्ये देतो. ईपब हा ई-पुस्तकाचा खरा फॉरमॅट. आवाज, चित्र, व्हिडिओ सगळं त्यात मावतं. दोन-चार दिवसांनी साहेबाचा फोन येतो, ‘ते उघडतच नाही हो कुणाकडे. पीडीएफ द्या ना, ग्रुपवर टाकतो.’ पीडीएफ केली की बासरी जाते, धबधब्याच्या जागी काळा चौकोन राहतो आणि साहेब खूश होतात, कारण त्यांना तरी कुठे बासरी ऐकायची होती. फॉरमॅट बदलणं हे भाड्याचं घर बदलण्यासारखं आहे, दर वेळी काहीतरी फुटतं आणि काहीतरी मागे राहतं. फरक एवढाच, की घर बदलणाऱ्याला त्याचं वाईट वाटतं.

अशा या ऑफिसात मागच्या वर्षी दिवाळीनंतर एक कुलवृत्तांत आला. कुलवृत्तांत म्हणजे एका घराण्याच्या सगळ्या पिढ्यांची जंत्री: कोण कुणाचा मुलगा, कुठे नोकरी, कुठे शेती, कधी वारला. आपल्या आजोबांचं नाव छापलेलं बघायला माणसाला फार बरं वाटतं आणि दुसऱ्याच्या आजोबांचं नाव वाचायला कुणालाच वेळ नसतो. त्यामुळे हा ग्रंथ कपाटात सगळ्यांच्या असतो आणि वाचलेला कुणाचाच नसतो. हा सायखेड्याच्या एका मोठ्या शेतकरी घराण्याचा होता. काही वर्षांपूर्वी छापलेला, जाडजूड, कव्हरवर सोनेरी अक्षरं. आता त्यांना तो ‘बोलता’ करून हवा होता. कुलमंडळाचे अध्यक्ष स्वतः आले होते. पांढरे कपडे, पांढरी गाडी, पांढरे बूट. सरांनी त्यांना माझ्या टेबलासमोर आणून बसवलं आणि म्हणाले, ‘सगळं या मॅडम बघतील.’

अध्यक्षांनी आपलं नाव, आडनाव आणि गाव सांगितलं. ते माझ्या आईचं माहेरचं आडनाव होतं. गाव आईचं होतं. आणि नाव आईच्या थोरल्या भावाचं. माझा सख्खा मामा माझ्यासमोर बसून आमच्या ऑफिसचा चहा पीत होता आणि मी त्याला आयुष्यात पहिल्यांदा बघत होते.

आईने लग्न कोर्टात केलं. बाबा बौद्ध, तेव्हा नुकतेच सरकारी कचेरीत क्लार्क म्हणून लागलेले. सायखेड्याच्या घराला ते चालणारं नव्हतं. त्या दिवसापासून तिचं माहेर बंद झालं. ना पत्र, ना फोन, ना आजीच्या मरणाचा निरोप. आजी गेल्याचं आईला गावाहून भाजी विकायला येणाऱ्या एका बाईकडून कळलं, तेही तेरावं होऊन गेल्यावर. सायखेडा नाशिकपासून इतकं जवळ आहे की तिकडची कोथिंबीर सकाळी आमच्या दारात असते. एवढ्याशा अंतरावर राहून इतकी वर्षं बहिणीला न भेटायला मेहनत लागते. मामाने ती मेहनत घेतली होती.

ऑफिसात मी त्याला साहेब म्हणत होते. मनात मामाच म्हणत होते, आणि मामाला कुणी अहो-जाहो करत नाही. मी कोण हे मी सांगितलं नाही. सांगायला त्याने विचारायला तर हवं होतं. पिढ्यान्‌पिढ्यांची नावं बगलेत मारून आलेल्या माणसाला समोर बसलेल्या बाईचं नाव विचारावंसं वाटलं नाही. मॅडम म्हटलं की त्याचं भागत होतं.

संध्याकाळी मी आईला सांगितलं. आई मेथी निवडत होती. ती निवडतच राहिली. मग म्हणाली, ‘कसा दिसतो गं?’

‘पैसेवाला.’

‘तब्येत?’

‘चांगली आहे. सुटलाय.’

तिने आणखी एक जुडी सोडली. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, ‘ते पुस्तक छापलं तवा ती भाजीवाली सांगत होती, सगळ्यांची नावं हायेत म्हणून. तिला काय वाचता येत नाय. माझं असंल का गं त्याच्यात?’

मी म्हटलं, ‘बघते.’

‘नसलं तरी काय नाय,’ ती म्हणाली. ‘असलं तर मला दाव.’

आईने माहेरची जमीन मागितली नाही, दागिने मागितले नाहीत. त्या माणसांबद्दल माझ्यासमोर कधी वाईट शब्दही काढला नाही; मीच काढायचे आणि ती विषय बदलायची. एवढं एकच तिने मागितलं, तेही माझ्याकडे. म्हणून मी ते काम धरून ठेवलं. एरवी असला पोकळ बडेजाव मी दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यात घातला असता.

कुलवृत्तांतात मुलींना एकच ओळ असते. नाव, जन्मसाल, कुठे दिली. मुलगा असला तर त्याची पदवी, त्याची बाग, त्याचा ट्रॅक्टर, त्याची परदेशवारी. मुलगी असली तर दिली. दुसऱ्या दिवशी स्कॅन केलेल्या पानांमधून मी सगळ्यात आधी मामाचं पान शोधलं. त्याच्याखाली भावंडं होती. आईचं नाव होतं. जन्मसाल बरोबर होतं. पुढे लिहिलं होतं: बालपणी निधन.

मला रडू वगैरे आलं नाही. संताप आला. नाव गाळलं असतं तर मी एक वेळ समजू शकले असते. गाळणाऱ्याला निदान माहीत असतं की आपण काहीतरी गाळतोय. यांनी तिला व्यवस्थित मारलं होतं, आणि तेही लहानपणीच, म्हणजे पुढचे प्रश्नच नकोत. लहान मूल गेलं म्हटलं की पाहुणे हळहळतात आणि दुसरं काहीतरी बोलायला लागतात. हा भेकडपणा सोनेरी अक्षरांच्या आत छापून घरोघर वाटला होता. आईबरोबर शाळेत गेलेली, गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, धुणी धुतलेली माणसं अजून त्या गावात आहेत. त्यांच्यापैकी एकानेही तोंड उघडलं नव्हतं. आईने विचारलं तेव्हा मी म्हटलं, अजून तिथवर आले नाही.

दिव्यांची कल्पना सरांची. ‘साहेब, जे दिवंगत आहेत ना, त्यांच्या फोटोला बोट लावलं की समई पेटेल. वरून फुलं पडतील. मागे संतूर.’

मामाचा चेहरा उजळला. ‘लय भारी. आन् जित्यांना?’

जिवंत माणसांना व्हिडिओ. ज्याला हवा त्याने मोबाईलवर हात जोडून दोन शब्द बोलायचे आणि पाठवायचे. मामाने स्वतःचा तिथल्या तिथे ठरवून टाकला: द्राक्षबागेत उभं राहून, वर ड्रोन. सरांना एवढ्यावर थांबवेना. ‘आणि साहेब, पुण्यतिथीच्या दिवशी पुस्तक उघडलं की त्या माणसाचा दिवा आपोआप पहिल्या पानावर येणार.’ हे फक्त एकाच अ‍ॅपमध्ये चालतं आणि ते अ‍ॅप कुणाच्याच मोबाईलमध्ये नसतं, हे सर सांगायला विसरले. मीही सांगितलं नाही. मूर्खपणाला आडवं जाण्याचा पगार मला मिळत नाही.

मग मी मेलेल्यांच्या नावापुढे दिवे लावत बसले. संतूरचा तोच तो तुकडा इतक्यांदा ऐकला की जेवतानाही डोक्यात वाजायचा. मध्येच मामाच्या पुतण्याचा फोन आला, पीडीएफ पण लागेल, एक नमुना पाठवा. मी ईपबची पीडीएफ करून पाठवली. पडणारी फुलं तिच्यात जिथल्या तिथे थिजली. त्यांच्या मूळ पुरुषाच्या मिशीवर झेंडूची एक पाकळी अडकून बसली होती, वरण सांडल्यासारखी. पुतण्याने उत्तर पाठवलं, एक नंबर.

दिवा तारखेवर चालायचा. माझ्या तक्त्यात निधनाची तारीख भरली की त्या माणसाला समई, फुलं आणि संतूर. रकाना रिकामा असला की माणूस जिवंत धरला जाणार. इतकं सोपं होतं ते. आईच्या नावापुढचा रकाना रिकामा होता, कारण छापील पुस्तकात तिच्या मरणाची तारीख दिलेली नव्हती. तारखा नसलेले आणखीही होते, फार जुने लोक. आईपुढचं ‘बालपणी निधन’ गुपचूप पुसून मी पुढे जाऊ शकत होते. कुणाला पत्ता लागला नसता. पण ते माझ्या मनाला येईना. गुपचूप लिहायचं आणि गुपचूप पुसायचं, हा त्यांचा धंदा. मला ते दोन शब्द त्याच्याकडून पुसून घ्यायचे होते.

तारीख नसलेल्यांची नावं मी वाचायची आणि मामाने तारखा सांगायच्या, असं ठरलं. एका दुपारी तो आला, खुर्चीत ऐसपैस बसला. मी सुरुवात केली. त्याच्या पणजोबांचा चुलत भाऊ, प्लेगमध्ये गेलेला.

‘सर्वपित्री टाका,’ मामा म्हणाला.

ज्याची तिथी माहीत नाही त्याचं श्राद्ध सर्वपित्री अमावस्येला घालतात. तोच नियम त्याने पुस्तकाला लावला. विहिरीत गेलेली एक चुलत आजी: सर्वपित्री. काशीला गेला तो परत आलाच नाही, असा एक जण: सर्वपित्री. काशीला गेलेला मेलाच असेल कशावरून, असं मला विचारावंसं वाटलं, पण या घराण्यात तसल्या शंका काढत नाहीत. मी म्हटलं, ‘साहेब, सगळ्यांचे दिवे एकाच दिवशी लागले तर मोबाईल बंद पडेल.’ तो हसला. त्याला वाटलं, मी गंमत करतेय.

मग मी आईचं नाव वाचलं. आवाज होता तसाच ठेवला. ‘जन्मसाल आहे. पुढे, बालपणी निधन. तारीख दिलेली नाही.’

सर्वपित्रीच म्हणणार, याची मला खात्री होती. शब्द त्याच्या तोंडात बसलेलाच होता. त्यावर मी काय बोलणार हेही मी घोकून ठेवलं होतं, चांगली झणझणीत चार वाक्यं. पण तो कप बशीत फिरवत राहिला. मग खिडकीकडे बघत त्याने तारीख सांगितली. दिवस, महिना आणि साल. बाकीच्यांना त्याने सर्वपित्रीवर ढकललं होतं. ही त्याला आठवावीसुद्धा लागली नाही.

मी ती भरली. ते साल धरलं तर बालपणी गेलेलं हे बाळ बी.ए. होऊन मगच गेलं होतं. ते त्याच्या लक्षात आलं की नाही, मला सांगता येणार नाही. मी पडद्याकडे बघत बसले, कारण ती तारीख मला पाठ आहे. त्या दिवशी आमच्या घरी पुरण शिजतं आणि बाबा ऑफिसातून येताना मोगऱ्याचा गजरा आणतात. ती माझ्या आईबाबांच्या लग्नाची तारीख होती.

घोकलेली वाक्यं कुठल्या कुठे गेली. मी म्हटलं, ‘त्या दिवशी आमच्याकडे दरवर्षी पुरणपोळी असते, मामा.’

त्याने माझ्याकडे बघितलं. इतक्या भेटींमध्ये पहिल्यांदा नीट बघितलं. माझं कपाळ आणि भुवया आईच्या आहेत असं सगळे म्हणतात. ते त्याला तेव्हा दिसलं असावं. पलीकडे सर फोनवर कुणाला तरी ड्रोनचं कौतुक सांगत होते. मामाने रुमाल काढून तोंड पुसलं आणि रुमाल हातातच धरून बसला. त्याने आरडाओरडा करावा असं मला वाटत होतं. मी तयार होते.

‘तिला सांगितलं का तू, असं लिहिलंय म्हणून?’ त्याने हळूच विचारलं. मी मॅडमची एकदम ‘तू’ झाले होते.

‘नाही.’

‘नको सांगू.’

बस, एवढंच. कशी आहे विचारलं नाही, काय करते विचारलं नाही, माझं नावही अजून विचारलं नव्हतं. मी म्हटलं, ‘मग काय लिहू? बाकीच्या मुलींचं लिहिलंय तसं लिहू? कुठे दिली, कुणाला दिली?’

त्याने कप बाजूला सारला. ‘नाव राहू दे,’ शेवटी म्हणाला. ‘म्होरलं काढून टाक. कायच लिहू नको.’

‘आणि तारीख?’

‘ती पण काढ.’

मी त्याच्या देखत ते दोन शब्द पुसले आणि रकाना रिकामा केला. एवढीच त्याची झेप. बहिणीला मारताना त्याने छापखाना लावला होता, पुस्तक निघालं तेव्हा गावजेवण घातलं होतं, आणि जिवंत करताना शेजारच्या टेबलावर ऐकू जाणार नाही एवढा आवाज काढला. मला त्याची कीव आली नाही, अजूनही येत नाही. जाताना दारात थांबून तो सरांना म्हणाला, ‘मॅडमचं काम चांगलंय.’ सर दिवसभर खूश होते.

प्रकाशन गंगापूर रोडच्याच एका लॉनवर झालं. मला बोलावणं होतं ते सरांमार्फत, म्हणजे ऑफिसची बाई म्हणून. मी गेले नाही. फोटो पाहिले. ई-पुस्तक हातात धरता येत नाही ही अडचण त्यांना ऐन वेळी सुचली असावी, कारण पाहुण्यांच्या हातात थर्माकोलवर चिकटवलेलं कव्हर होतं. टॅबला लाल फीत बांधून तो ताटात ठेवला होता आणि पाहुण्यांनी फीत सोडून टाळ्या घेतल्या होत्या. टॅब कुणी चालू केल्याचं एकाही फोटोत दिसत नाही. त्या आठवड्यातच सगळ्यांना ग्रुपवर पीडीएफ गेली, मिशीवरच्या झेंडूसकट.

खरं पुस्तक, दिवे लागणारं, मी माझ्या टॅबवर घालून घरी आणलं. आईला मामाच्या कुटुंबाचं पान उघडून दिलं. तिने चष्मा पदराला पुसला. सगळ्यात आधी तिने आजीच्या फोटोला बोट लावलं. समई लागली, फुलं पडली, संतूर वाजलं. ज्या गोष्टीला मी एवढी हसले होते, तिच्यासमोर आईने हात जोडले. मग तिचं बोट एकेका नावावरून खाली येत स्वतःच्या नावावर थांबलं. तिने दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं.

‘बिघडलं का गं? आत्ता तर दिवा लागला होता.’

‘बिघडलेलं नाही,’ मी म्हटलं. ‘दिवा मेलेल्या माणसांना आहे.’

‘मग माझ्यापुढं काय लिहिलंय? मला तर काय दिसत नाय.’

‘काही नाही लिहिलेलं. नाव आहे.’

तिने मान हलवली. मला वाटलं, आता तरी ती बोलेल. इतक्या वर्षांचं काहीतरी तिच्या तोंडून निघेल, आणि निघावं अशी माझी इच्छा होती. तिचं बोट वर सरकलं आणि भावाच्या नावावर टेकलं. व्हिडिओ सुरू झाला. द्राक्षबाग, उतरत येणारा ड्रोन, पांढऱ्या कपड्यांतला मामा हात जोडून उभा. ‘नमस्कार. आमच्या कुळाने कायम माणसं जोडली,’ तो बोलू लागला. हा व्हिडिओ मीच कापून बसवला होता, त्याचा शब्द न् शब्द मला पाठ होता आणि या वाक्याला दर वेळी माझ्या तोंडून शिवी जायची. आईने तो पूर्ण ऐकला. संपल्यावर पुन्हा लावला. मग पुन्हा.

‘केस गेले सगळे त्याचे,’ ती म्हणाली. ‘आवाज तोच हाय.’

टॅबची बॅटरी संपत आली होती. मी चार्जर आणून लावून दिला आणि स्वयंपाकघरात गेले.